बारोसाची बाटली आणि बोरीचा कापूस

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. चहा ओतून घेतलात ना? मग ऐका. मी जे सांगणार आहे त्यात एक प्राध्यापिका आहे, भौतिकशास्त्राची. विद्यार्थी उत्तरापुढे एकक लिहायला विसरला तर ती अर्धा गुण कापते. शेजारीण ‘आज फार उकडतंय’ म्हणाली तर ‘म्हणजे नेमकं किती?’ असं विचारते. अंधश्रद्धेविरुद्ध तिने यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांमध्ये व्याख्यानं दिली आहेत. आणि ह्याच बाईने ऐन वैशाखात, भरदुपारी, एका अख्ख्या गावाला कापसातून रक्त निघताना दाखवलं!

ती बाई कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. उगाच माझ्याकडे रोखून बघू नका.

माझा थोरला भाऊ, नामदेवदादा, बोरी अरबला शेती करतो. कापूस, सोयाबीन, थोडी तूर. गावात त्याची ख्याती दोन गोष्टींसाठी. पहिली, भाव पडलेला असेल तर तो कापूस विकत नाही. घरामागच्या टिनाच्या खोलीत भरतो आणि योग्यासारखा वाट बघत बसतो. दुसरी, गावातला दारूचा गुत्ता त्याने बंद पाडला. बायांना सोबत घेऊन, तहसीलपर्यंत चालत जाऊन, शिव्या खाऊन. आजही गावच्या दारूबंदी समितीचा तोच अध्यक्ष. समितीचा नियम असा, की ज्याच्याजवळ दारू सापडेल त्याने ग्रामसभेत उभं राहून शपथ घ्यायची. मग तो सरपंचाचा जावई का असेना. जो शपथ पाळेल त्याचा पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

आणि अशा माणसाच्या पोटी कोण जन्मावं? निखिल! माझा भाचा. कृषी पदवीधर झाला, द्राक्षशेती शिकायला ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथल्या बारोसा नावाच्या खोऱ्यात वाइन तयार करण्याच्या नोकरीला लागला.

दादाने हे ऐकलं त्या दिवशी तो जेवला नाही.

“सोयऱ्यायनं इचारलं पोरगं काय करते, तं काय सांगू?” तो म्हणाला. “बापानं गावातला गुत्ता उठोला अन् पोरानं तिकडं मांडला?”

गावात त्याने एवढंच सांगितलं, की पोरगा परदेशात शेतीच्या खात्यात आहे. निखिलशी मात्र अबोला धरला. फोन आला की तो वहिनीच्या हातात द्यायचा आणि गोठ्याकडे निघून जायचा. दोन दिवाळ्या अशा गेल्या. गोठ्यातली जनावरं इतकी चकचकीत कधी नव्हती.

माघ महिन्यात निखिलच्या एका मित्राने माझ्या यवतमाळच्या घरी एक बाटली आणून दिली. पाठोपाठ निखिलचा फोन.

“आत्या, हे माया हातची पहिली वाइन. वेल मी छाटले, द्राक्षं मी तोडले, पिंपाजवळ रात्रंदिवस मीच बसलो. इकडचा हंगाम उरकला का मे महिन्यात येतो. तवा बाबाच्या हातात द्याची हाय. प्याले नाही वो! फक्त हातात धरून पाहा म्हनाव, पोरानं काय पिकोलं. तोवर नीट सांभाळशीन?”

“नीट म्हणजे नेमकं किती अंशांवर?” मी विचारलं.

तो हसला. “आत्या, थे तूच पाय. म्हनून तं तुयाकडे पाठोली.”

बस्स! माणसाने माझ्यावर विश्वास टाकला की मी पेटते. मी ठरवलं, ही बाटली त्या बापाच्या हातात जाणार, आणि जशी निघाली तशीच जाणार. एक थेंब कमी नाही, एक थेंब बिघडलेला नाही. मी दारूला आयुष्यात कधी शिवलेली नाही. पण न शिवता अभ्यास करायला कुणाची हरकत असते? आठवडाभर मी अभ्यास केला.

काय सांगू तुम्हाला, अभ्यास फारच रंगला. बारोसा म्हणजे उन्हाने भाजून निघणारा मुलूख. उन्हाळा कोरडा. तिथल्या शिराझ जातीच्या द्राक्षाला ऊन लागतं, दाणा लहान राहतो, साल जाड होते, आत साखर भरते. म्हणून तिथली लाल वाइन शाईसारखी गडद आणि अंगापिंडाने दणकट. थंड देशांतल्या नाजूक वाइन तिच्यासमोर म्हणे सरबत वाटतात. काही जुन्या वेलींना तर वरून पाणीच देत नाहीत. नुसत्या पावसावर उभ्या. वाचता वाचता मी चष्मा काढून पुसला. हे तर आमच्या जिल्ह्याचं वर्णन होतं!

असो. मुद्दा साठवणुकीचा. ग्रंथांचं एकमत असं: जागा थंड हवी, त्याहून महत्त्वाचं म्हणजे तापमान स्थिर हवं, अंधार हवा, हादरे नकोत, आणि बाटली आडवी हवी, म्हणजे बूच ओलं राहतं.

माझं घर वरच्या मजल्यावर. डोक्यावर उघडी गच्ची. फ्रिज म्हणाल तर तो थरथरतो. तुमचाही थरथरतो, तुम्ही पाहिलेलं नाही इतकंच. मी वर पाण्याची वाटी ठेवून तरंग पाहिले आणि फ्रिज बाद केला.

तेवढ्यात वहिनीकडे हळदीकुंकवाला बोरीला जाणं झालं. मागच्या खोलीत डोकावले आणि जागीच थबकले. आढ्यापर्यंत कापूस! पांढराशुभ्र, गच्च, निःशब्द. अंधार आहे. हादरा नाही. आणि कापूस म्हणजे काय? उष्णतेचा दुर्वाहक! दादाचा हट्ट ठाऊक होता. भाव चढेपर्यंत तो ढीग हलणार नव्हता.

मी घाईने निष्कर्ष काढत नाही. पुढच्या रविवारी महाविद्यालयातला तापमापक आणि पिशवीत बाटली घेऊन परत गेले आणि वहिनी स्वयंपाकात असताना तो ढिगात खोलवर खुपसला. सकाळी एकोणीस अंश. संध्याकाळी पुन्हा एकोणीस. पारा ढिम्म!

शिवाय त्या कल्पनेतलं काव्य बघा. बापाच्या पिकाच्या कुशीत मुलाचं पीक! मला माझंच इतकं कौतुक वाटलं, की मी कुणालाही न सांगता खांद्यापर्यंत हात घालून बाटली खिडकीकडच्या कोपऱ्यात आडवी सरकवून दिली.

माझं मोजमाप अचूक होतं हो. अगदी अचूक. फक्त ते माघातलं होतं, आणि बाटलीला वैशाखापर्यंत राहायचं होतं.

निखिलचं येणं परवावर येऊन ठेपलं तेव्हा मी निश्चिंतपणे पेपर तपासत होते. तोच वहिनीचा फोन.

“बाई, भाव चढला! तुये दादा आज गाडी भरून राह्यले.”

“कसली गाडी?”

“कापसाची वो. दुसरी कायची?”

माझ्या हातातल्या पेपरावर लाल रेघ कुठल्या कुठे गेली. त्या मुलाला मी काय गुण दिले, देव जाणे. आणि मी देव मानत नाही, म्हणजे बघा. चपला पायात अडकवल्या आणि बोरीवरून दारव्ह्याकडे जाणारी पहिली जीप पकडली. ती जीप माणसं भरल्याशिवाय हलेना. मी ड्रायव्हरला म्हणाले, “उरलेल्या सीटा माझ्या!” तो म्हणाला, “मॅडम, कोनी गेलं का?” मी म्हणाले, “अजून नाही, पण जाईल!”

बोरीला पोचले तर दारात पिकअप उभी. माणसं चादरींमध्ये कापूस बांधून गाठोडी बाहेर आणत होती. ढीग अर्ध्यावर आलेला. व्यापाऱ्याचा माणूस मूठभर कापूस हातात घेऊन धागा ओढून बघत होता. मी पर्स वहिनीच्या हातात कोंबली आणि तडक ढिगात शिरले.

“अवो वसू! तू कायले?” दादा ओरडला. “खाज सुटीन अंगाले!”

“व्यायाम!” मी कापसातून उत्तर दिलं.

खाज सुटली. उन्हाळ्यातल्या साठवलेल्या कापसाची खाज काय असते, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. एका हाताने खाजवत, दुसऱ्याने चाचपत मी कोपऱ्याकडे सरकले. हाताला काहीतरी लागलं. गोलसर. मऊ. बाटली मऊ? बाहेर काढलं तर आंबा! पिवळाधमक, घमघमीत आंबा.

“थे राहू द्या बाई,” वहिनी दारातून म्हणाली. “कैऱ्या ठुल्या मी पिकाले. आत ऊब राह्यते नं.”

ऊब!

माझ्या पाठीतून थंड शिरशिरी गेली. त्या खोलीतली तेवढीच थंड वस्तू. लहानपणी ह्याच घरात मीसुद्धा कापसात कैऱ्या घातल्या होत्या. कापूस उष्णता आत येऊ देत नाही, हे मला आठवलं होतं. टिनाखाली दोन महिने तापून एकदा ती आत आली, की तो तिला बाहेरही जाऊ देत नाही, हे मी सोडून त्या घरातल्या प्रत्येक कैरीला माहीत होतं.

तेवढ्यात ढिगाच्या पलीकडून शेजारच्या शेषरावांची किंकाळी आली.

“नामदेवभाऊऽऽ! रक्त!”

सगळे धावले. मीही धावले, म्हणजे पोहले म्हणा. खिडकीकडच्या कोपऱ्यात, पांढऱ्याशुभ्र कापसात, परातीएवढा गडद लाल डाग पसरला होता. काठाला फिकट, मध्यभागी काळपट. एका गड्याने वरचा थर उचलला तर आतला आणखी ओला.

हातातली गाठोडी जागच्या जागी पडली.

“मांजरीनं पिल्लं खाल्ले असतीन,” एक बाई म्हणाली.

“कायची मांजर? थेंब तरी उडाला का कुठी? हे आतून फुटून राह्यलं!”

“लाल्या रोग हाय, लाल्या!” एक तरुण ओरडला.

“लाल्या झाडाच्या पानाले येते बे. खोलीतल्या कापसाले येते का?”

शेषरावांनी आवाज खाली आणला. “भाऊ, राग नोका मानू. पन गुत्तेवाल्यानं करनी केली. त्यानं म्हटलंच होतं, पाह्यतो म्हने.”

व्यापाऱ्याचा माणूस दोन पावलं मागे सरकला. “भाऊ, हा माल मी नेत नाही. यातला लाल धागा गाठीत गेला तं माया नावानं बोंब. उतरवा गाडी.”

“साराच?” दादाने विचारलं.

“साराच. आत कुठवर पसरलं, कोनाले माहीत?”

महिनोन् महिने वाट पाहून, शेवटी चढत्या भावात विकायला काढलेला वर्षाचा कापूस. दादा नुसता त्या डागाकडे बघत राहिला. मग सगळ्या नजरा माझ्याकडे वळल्या.

“मॅडम, तुमी तं सायन्सवाल्या. सांगा नं, काय हाय हे?”

खरं बोलायचा हाच क्षण होता, हे मलाही कळत होतं. पण भरल्या गावासमोर? दोन वर्षं मुलाचं जे काम दादाने झाकून ठेवलं, ते असं कापसातून उपसून काढायचं? निखिल परवा येणार होता. बाटली आता भरलेली नसली तरी ती त्याच्याच हातून दादाला दिसेल, हा माझा निर्धार अजून शाबूत होता. मी पदर सारखा केला, केसांतला कापूस झटकला आणि व्याख्यानाचा आवाज लावला.

“हे रक्त नाही. करणी तर मुळीच नाही. हा रंगद्रव्य तयार करणारा एक सूक्ष्मजीव असावा.”

गावाने सुटकेचा श्वास सोडला. तिथेच थांबायला हवं होतं. पण अर्धवट स्पष्टीकरण माझ्याने देववत नाही!

“उष्ण आणि कोंदट जागी त्याची वाढ झपाट्याने होते,” मी पुढे म्हणाले.

“झपाट्यानं?”

“म्हंजे रोगच नं?”

“एका घरून दुसऱ्या घरी जाते का मॅडम?”

उत्तराची वाट कोण बघतो? निम्मं गाव आपापल्या घरचा कापूस उपसायला पळालं. एकाने डागाचा फोटो मोबाईलवरच्या कापूसवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात थेट मारेगावहून, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून, उत्तर आलं: ‘आमच्याकडेही लाल ठिपके दिसून राह्यले.’ बघा! जो जीव अस्तित्वातच नव्हता, तो अख्खा जिल्हा ओलांडून गेला होता. करणीच बरी होती; निदान ती एका घरापुरती होती.

कुणीतरी सरकारी कृषी सहायकांना फोन लावला. ते म्हणाले, माल हलवू नका, वेगळा ठेवा, उद्या येतो.

“उद्यालोक?” शेषराव म्हणाले. “तोवर साऱ्या गावात पसरलं तं? भाऊ, गोष्ट कडू हाय, पन खोलीतून काढून वावरात नेऊन पेटवून द्या.”

“हो भाऊ. एकापाई साऱ्यायचं नोको.”

मला वाटलं, दादा भांडेल. दादा भांडला नाही. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं आणि म्हणाला, “खरं हाय. माया कापसापाई गावाचं नुकसान नोको. काढा बाहेर. मीच पेटोतो.”

असा माणूस आहे तो! वहिनीने पदर तोंडाला लावला. आणि मी, जी वर्गात ‘काहून’ म्हणणाऱ्या मुलांना ‘का’ म्हणा असं सांगते, ती मी गावभर ऐकू जाईल अशी किंचाळले:

“थांबा वो! नोका पेटवू! थे दारू हाय!”

एकजण हळूच म्हणाला, “भावाचा कापूस वाचव्यासाठी बोलून राह्यल्या मॅडम.”

“बलवा गुलाबरावाले!” कुणीतरी फर्मावलं.

गुलाबराव म्हणजे दादाच्या समितीचा अभिमान. एके काळी गुत्त्याच्या पायरीवरच त्यांचा मुक्काम असे. शपथ घेतल्यापासून थेंबाला शिवलेले नाहीत. ते आले, लाल कापसाची चिमूट उचलली, डोळे मिटले आणि वास घेतला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा जरा जास्तच वेळ घेतला.

“दारूच हाय,” ते म्हणाले. “भारीतली हाय. सोडून वर्षं झाले, पन शपथ म्या घेतली, नाकानं नाही.”

आता सुटकेचा श्वास सोडायची पाळी माझी होती. पण सगळ्या माना दादाकडे वळल्या होत्या.

“म्हंजे…” शेषराव अडखळत म्हणाले, “भाऊ, गावातला गुत्ता बंद, अन् घरी—”

दादाचा चेहरा मी उभ्या जन्मात तसा पाहिलेला नाही. कापूस जाळायला निघाला तेव्हा तो ताठ उभा होता. ह्या एका अर्ध्या वाक्याने तो खचला.

“बाटली माझी आहे!” मी पुढे झाले. “दादाला काहीही ठाऊक नाही. मी आणली, मी लपवली.”

“तुमची?”

“माझी.”

“अन् कापसात कायले?”

आता मला सांगा, प्रश्न विचारल्यावर नेमकं उत्तर देऊ नये का? मी दिलं. तापमान स्थिर का हवं. बाटली आडवी का ठेवायची. बूच ओलं का राहायला हवं. उष्ण प्रदेशातली शिराझ थंडगार प्यायली तर तिचा स्वाद कसा मिटतो आणि फार तापली तर कशी बिघडते. उघडल्यावर तिला घटकाभर हवा का द्यावी लागते. एकही विधान आधाराशिवाय केलं नाही.

मी थांबले तेव्हा गाव तोंडाचा आ करून माझ्याकडे बघत होतं.

“बाप्पा!” एक म्हातारी म्हणाली. “केवढा अभ्यास हाय बाईचा!”

“वाचून कळलं हो मला!”

“इतकं वाचून नाही कळत, मॅडम,” गुलाबराव फार मायेने म्हणाले. “इतकं मले बी माहीत नोतं, अन् मी तं गुत्त्यावर झोपत होतो.”

“हात पाहा कसे थरथरून राह्यले,” कुणीतरी कुजबुजलं. “अन् खाजोते किती! वेळेवर भेटली नाही का होते असं.”

माझे हात भीतीने थरथरत होते, खाज कापसाची होती. पण हे सांगायचं कुणाला? जितकं नेमकं बोलावं तितकी मी सराईत ठरत होते!

दादाने कोपऱ्यातल्या कापसात हात घातला आणि बाटली बाहेर काढली. बूच सुटून बाजूला पडलं होतं. तळाशी घोटभर वाइन. त्याने वरच्या कागदावरची अक्षरं बघितली, बाटली दुपट्ट्यात गुंडाळली आणि घरात निघून गेला. मी मागोमाग.

स्वयंपाकघरात आम्ही तिघंच. दादा पाटावर बसला, बाटली पुढ्यात.

“निखिलची हाय नं?”

मी मान हलवली.

“मंग बाहेर तुयी काहून म्हटली?”

“त्याचं नाव गावापुढे असं यायला नको होतं. तुला हातात धरून बघायला पाठवली होती त्याने. प्यायला नाही. पोरानं काय पिकवलं ते बाबांनी बघावं, एवढंच म्हणत होता.”

दादाने बाटली उचलून उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली.

“त्या वेलाले पानी किती देतात?”

“जुन्या वेलींना देतच नाहीत. पावसावरच.”

“कोरडवाहू?” दादा चमकला.

“कोरडवाहू.”

“अन् तपते किती?”

“आपल्यासारखंच.”

“मंग धरते कसं?”

“ऊन बसलं की दाणा लहान राहतो. साल जाड होते. आत गोडी साठते.”

“तुमचंच वर्णन झालं हे,” वहिनी चुलीकडे बघत म्हणाली. “साल तेवढी पाह्यली पोरानं. गोडी पाहाची राह्यली.”

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. “फोन लाव.”

तिने लावला. पलीकडे निखिल ‘हां आई’ म्हणाला असेल. दादाने घसा खाकरला आणि दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलला:

“काय रे, बूच घट्ट लावाची अक्कल नाही शिकोली का तिकडं?”

पलीकडून फार बारीक आवाजात, “बाबा?”

“हां, बाबाच. छाटनी कवा करता तुमी?”

पुढे ते दोघं छाटणीवरून मातीवर आणि मातीवरून किडीवर गेले. वहिनी आणि मी आंबा कापून खाल्ला. उत्कृष्ट पिकला होता. कापसाच्या गुणाविषयी माझी तक्रार नाही.

एक कोडं मला छळत होतं. आतली वाइन तापून फुगली आणि बूच सुटलं हे कबूल, पण आडवी बाटली जवळजवळ कोरडी कशी झाली? आंब्याची कोय चोखता चोखता उजेड पडला. बाटलीच्या तोंडात कापूस गच्च बसला होता, आणि कापूस द्रव ओढून घेतो. केशाकर्षण! दरवर्षी पहिल्याच महिन्यात मी हा धडा शिकवते. प्रयोगाला काय घेते, माहीत आहे? कापसाची वात.

व्यापाऱ्याच्या माणसाने डाग काढून उरलेला कापूस नेला. मारेगावचे लाल ठिपके विटांच्या भुकटीचे निघाले. निखिल आला, बापलेक वावरभर फिरले. सगळं सुरळीत झालं.

फक्त समितीचा नियम उरला होता.

“वसू, मी सांगून टाकतो साऱ्यायले, पोराची होती म्हनून,” दादा म्हणाला.

“अजिबात नाही,” मी म्हणाले. “शपथ त्याला घ्यावी लागेल आणि त्याची नोकरीच ती. नियम म्हणजे नियम. बाटली माझी होती.”

ग्रामसभेत मी उभी राहिले. समोर शपथेचा कागद: ‘मी आजपासून दारू सोडत आहे.’

“माझी हरकत आहे,” मी म्हणाले. “जी मी कधी धरलीच नाही, ती सोडणार कशी?”

“मॅडम,” समितीचा सचिव समजुतीने म्हणाला, “साऱ्यायचं पहिलं वाक्य हेच राह्यते.”

मागच्या रांगेत निखिल दादाचा दुपट्टा तोंडात कोंबून बसला होता. मी शपथ घेतली. स्पष्ट उच्चारांत.

आणि मग आला पंधरा ऑगस्ट. झेंडावंदन झालं, मुलांना जिलबी वाटली, आणि ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की दारूच्या विळख्यातून निर्धाराने बाहेर आलेल्या आपल्या माहेरवाशिणीचा सत्कार अध्यक्षांच्या हस्ते होत आहे. अध्यक्षांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाने, माझ्याकडे न बघता मला शाल घातली, कारण बघितलं असतं तर तो तिथेच फुटला असता. वहिनीने फोन वर धरला होता. त्यातून बारोसातला एक माणूस जोरजोरात टाळ्या वाजवत होता.

मी खुर्चीवर येऊन बसले. शेजारी गुलाबराव, दरवर्षीचे सत्कारमूर्ती. त्यांनी माझ्या मांडीवरचा नारळ पाहिला, आपला पाहिला आणि कानाशी झुकून फार आपुलकीने विचारलं, “मॅडम, पहिले काही दिवस लय जड जातात, नाही?”

एक थेंबही कधी न चाखलेली, पुराव्याशिवाय विधान न करणारी मी. मी शाल नीट केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

“लय.”